एप्रिल-मेच्या बाळाला काय घालावं, कसं गुंडाळावं

गेल्या वर्षी माझी लेक बाळंत होऊन घरी आली तेव्हा एप्रिलचा दुसरा आठवडा चालू होता. गोव्यात फोंड्याला आमचा फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे. दिवसभर स्लॅब तापतो आणि रात्री अकरापर्यंत ती झळ खाली येत राहते. भेटायला येणाऱ्यांनी बाळंतविड्यात जे जे आणलं ते मी एका संध्याकाळी पलंगावर मांडून पाहिलं. लोकरीचे तीन सेट, अस्तराच्या दोन कुंच्या, दोन मखमली ब्लँकेटं, मोजे आणि हातमोज्यांच्या चार जोड्या. मलमलची साधी दुपटी मात्र दोनच. सगळं प्रेमाने आणलेलं. ते मी कपाटात ठेवलं आणि शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात जाऊन सहा मीटर पांढरी मलमल घेऊन आले.

मी ३५ वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होते. उन्हाळ्यात बाळाला काय घालायचं हा प्रश्न मला जितक्या वेळा विचारला गेला तितका दुसरा कुठलाच नसेल. त्याचं उत्तर मी वॉर्डात शिकले आणि घरात, स्वतःच्या मुलावर, फार महागात पुन्हा शिकले.

१९८९ चा मे महिना. माझा मुलगा चार दिवसांचा होता आणि मी सत्तरी तालुक्यातल्या सासरच्या घरी होते. बाळंतिणीच्या खोलीची खिडकी बंद, पंखा बंद, बाजेखाली शेगडी. मुलाला झबलं, टोपडं, वर कुंची, त्यावर दोन दुपटी आणि सगळ्यांवर वाकळ. मी म्हटलं, वाकळ काढूया. सासूबाई म्हणाल्या, ‘भुरग्याक वारो लागतलो’, म्हणजे बाळाला वारा लागेल. त्यांचं एक मूल पावसाळ्यात गारठून गेलं होतं, हे मला ठाऊक होतं. मी गप्प बसले. पहाटे मुलगा दूध ओढेना. उचलला तर मान सोडून पडला होता, अंग लालबुंद, ओठ कोरडे. काखेत थर्मामीटर लावला, १०१ डिग्री. हॉस्पिटलात डॉक्टरांनी आधी काही न बोलता एकेक थर उघडला. जंतुसंसर्ग नाही ना, याची खात्री होईपर्यंत दोन दिवस त्याला ठेवून घेतलं. अंगात पाणी कमी पडून आणि उष्णता कोंडून आलेला ताप निघाला, दूध पोटात गेल्यावर उतरला. मुलगा वाचला. पण नर्सिंगचं शिक्षण घेतलेली आई त्या खोलीत असून गप्प बसली, हे मी विसरलेले नाही. म्हणून आता गप्प बसत नाही.

आधी हे समजून घ्या की गुंडाळण्याची कामं दोन आहेत आणि ती वेगवेगळी आहेत. एक ऊब देणं. दुसरं, बाळ दचकू नये म्हणून हात थोडे आवरून धरणं. नवजात बाळ झोपेत अचानक दोन्ही हात फेकतं आणि स्वतःच जागं होतं. ते नैसर्गिक आहे, त्याला कुणाची दृष्ट लागलेली नसते. गोव्याच्या एप्रिल-मेमध्ये पूर्ण दिवसांच्या, चांगल्या वजनाच्या बाळाला पहिल्या कामाची गरज जवळजवळ नसते. राहतं दुसरं, आणि त्याला एक पातळ कापड पुरतं.

आपला उन्हाळा फसवा असतो. नागपूरला ४४ अंश होतात तेव्हा कुणी बाळाला ब्लँकेट गुंडाळत नाही. आपल्याकडे किनारपट्टीला पारा ३३-३४ वरच थांबतो, म्हणून लोकांना वाटतं की एवढं काही नाही. पण हवा दमट असते. घाम येतो आणि सुकत नाही, आणि घाम सुकल्याशिवाय अंग थंड होत नाही. त्यात नवजात बाळाच्या घामाच्या ग्रंथी नीट कामाला लागलेल्या नसतात. त्याची जास्तीची उष्णता बाहेर पडते ती बरीचशी डोक्यावाटे आणि उघड्या अंगावाटे. आपण नेमकं तेच टोपडं-कुंचीने झाकतो. वाळपई-साखळीकडे समुद्राचा वारा पोचत नाही, तिथे दुपार आणखी कडक.

मग बाळाला गरम होतंय की थंडी वाजतेय, हे ओळखायचं कसं? नव्या आया बाळाचा हात धरून बघतात, हात गार लागला की आणखी एक दुपटं चढवतात. पहिल्या दिवसांत बाळाचे पंजे थोडे गार, कधी निळसरही असतात. नुसत्या हातावर जाऊ नका. वॉर्डात आम्ही करायचो ते करा. आपल्या हाताची मागची बाजू आधी बाळाच्या पोटाला लावा, मग तळपायाला. दोन्ही कोमट आणि तळवे गुलाबी असतील तर सगळं ठीक. पोट कोमट पण तळपाय गार असेल तर बाळाला थंडी वाजतेय, एक थर वाढवा किंवा छातीशी घ्या. पोटही गार लागलं तर बाळाला उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घ्या आणि तसंच हॉस्पिटल गाठा. आणि उन्हाळ्यात जे नेहमी दिसतं ते असं: पोट तापलेलं, तळवेही गरम आणि लाल, मानेची मागची बाजू ओलसर. अशा वेळी ताबडतोब एक थर काढा. ही परीक्षा दिवसातून दहा वेळा केली तरी हरकत नाही, दोन दिवसांत हात इतका तयार होतो की बाळाला घेता घेताच कळतं.

थर्मामीटर घरात असू द्या. काखेत ३६.५ ते ३७.५ सेल्सिअस हे ठीक, म्हणजे साधारण ९७.७ ते ९९.५ फॅरनहाइट.

आता कपडे. दिवसा बिनबाह्यांचं, पुढून बंद बांधायचं सुती झबलं आणि लंगोट. बस. दुपारी बारा ते चार नुसत्या लंगोटावर ठेवलंत तरी चालतं, आमची नात महिनाभर दुपारी तशीच असायची. रात्री झबलं आणि हवं तर मलमलचं एक दुपटं. डोक्यावरून घालायची झबली नकोत, मान न धरणाऱ्या बाळाला ती घालताना आईलाच घाम फुटतो. नव्या कापडात खळ असते, दोनदा साध्या पाण्यात धुऊन, उन्हात वाळवून मगच अंगाला लावा. शिवण टोचत असेल तर झबलं खुशाल उलटं घाला. सॅटिन, नायलॉनची जाळी, आत फोम लावलेले फ्रॉक बारशाच्या फोटोपुरते ठेवा, आणि फोटो झाला की काढा. आजीला कुंची घालायची फार हौस असेल तर तिलाही तेवढी पाच मिनिटं द्या, तिने ती हाताने शिवलेली असते.

जुन्या सुती लुगड्याची दुपटी सगळ्यात मऊ, नव्या मलमलीला ती सर यायला महिना लागतो. फक्त ती ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांत ठेवलेली नसावीत. हे मी कळकळीने सांगते. काही बाळांच्या तांबड्या पेशींत एक घटक जन्मतःच कमी असतो आणि तो कमी आहे हे बाहेरून कुणालाच कळत नाही. अशा बाळाला डांबरगोळीच्या नुसत्या वासानेही त्या पेशी फुटून कावीळ भरभर वाढू शकते. त्या वासाचं कापड बाळाला वापरूच नका.

टोपडं घरात नको. आंघोळीनंतर दहा मिनिटं, पहाटे खरोखर गारवा असेल तर, आणि बाहेर नेताना, एवढंच. झोपताना तर नकोच, घसरून नाकावर येतं. हातमोजेही नकोत. हात तोंडात घालणं ही बाळाची भूक सांगायची पहिली भाषा आहे, ती आपण बांधून टाकतो. शिवाय आतला सुटा धागा बोटाला गुंडाळला जाऊन बोट सुजलेली बाळं मी वॉर्डात पाहिली आहेत. नखं लागतात म्हणून मोजे घालण्यापेक्षा बाळ झोपलं की नखं कापा. डायपर बाहेर जाताना आणि रात्री, दिवसा सुती लंगोट. लंगोट बेंबीच्या खाली बांधा, नाळेचं टोक उघडं आणि कोरडं राहिलं की आपोआप गळतं. त्यावर तेल, हळद, पावडर काही लावू नका. प्लास्टिकच्या शीटवर थेट निजवलं तर पाठीला घामोळं उठतं, शीटवर सुती चादरीची जाड घडी हवीच.

आता गुंडाळणं. मलमलचा मीटरभर चौकोनी तुकडा घ्या. घट्ट विणीचं पॉपलीन नको, टर्किश टॉवेल नको, आणि मखमल तर नकोच. प्रकाशासमोर धरल्यावर पलीकडची बोटं दिसली पाहिजेत, इतकं पातळ.

कापड पलंगावर पतंगासारखं, एक टोक वर करून पसरा. वरचं टोक चार बोटं आत दुमडा. बाळाला पाठीवर असं ठेवा की दुमडलेली कड त्याच्या खांद्याच्या रेषेत येईल, मानेवर नाही. हात ओढून सरळ करू नका. ते जसे कोपरात दुमडून छातीवर असतात तसेच राहू द्या, पंजे हनुवटीजवळ. आता डावीकडचं टोक हातावरून छातीवरून पलीकडे नेऊन पाठीखाली सारा. मग खालचं टोक. सगळ्यांची चूक होते ती इथेच. आपल्या जुन्या पद्धतीत पाय सरळ ओढून, गुडघे जुळवून, टोक घट्ट वर घेतात आणि बाळाची सुरळी करतात. पाय लांब होतात, सरळ होतात असं म्हणतात. होत नाहीत. उलट जबरदस्तीने सरळ बांधलेल्या पायांमुळे खुब्याचा सांधा खोबणीतून सरकू शकतो. बाळाचे पाय बेडकासारखे, गुडघे वर आणि बाहेर, असेच असायला हवेत. म्हणून खालचं टोक सैल सोडा, आत पाय मारता यायला हवेत. मे महिन्यात मी ते टोक वर घेतच नाही, पाय उघडेच ठेवते, वारा लागतो. शेवटी उजवं टोक छातीवरून नेऊन पाठीखाली.

झालं की आपला तळहात छाती आणि कापडाच्या मधून आत घालून बघा. सहज गेला पाहिजे. नाही गेला तर बाळाला श्वास पुरा भरता येणार नाही. आणि इतकं सैलही नको की कापड सुटून तोंडावर येईल. नात आठवड्याची असताना लेक हे शिकत होती, तेव्हा ती दर वेळी टोक पाठीखाली सारताना बाळाला कुशीवर वळवायची आणि कापड मानेपर्यंत चढायचं. मी तिला म्हटलं, ‘बाय, बाळ हलवू नको, आपला हात हलव.’ तळहात पाठीखालून पलीकडे घालायचा, टोक बोटांत धरायचं आणि हात मागे ओढून घ्यायचा. तिसऱ्या प्रयत्नाला जमलं.

गुंडाळलेलं बाळ नेहमी पाठीवरच निजवा. पालथं नाही, कुशीवर नाही. आजूबाजूला उशी, मोहरीची उशी, सुटी दुपटी काही नको. आणि जे बाळ मोकळ्या हातांनी शांत झोपतं त्याला गुंडाळायची मुळीच गरज नाही. गुंडाळलंच पाहिजे असा नियम नाही. गुंडाळल्यावर बाळ फार गाढ झोपतं, त्या झोपेत दूध चुकू देऊ नका. दर दोन-तीन तासांनी सोडून पाजा, आणि पाजताना बाळाला उघडंच ठेवा. आईच्या अंगाची ऊब त्याला पुरते, उन्हाळ्यात तर तीच जास्त होते. म्हणून मधे मलमलची एक घडी ठेवली की दोघींचा घाम टिपला जातो.

पंखा लावा. माझ्या मुलाच्या वेळी कुणी लावू दिला नाही, नातीच्या वेळी पहिल्या दिवसापासून चालू होता. वारा खोलीत फिरायला हवा, सरळ तोंडावर नको, एवढं पाहा. एसी असेल तर २६ च्या आसपास ठेवा, झोत बाळावर येऊ देऊ नका, आणि त्या खोलीत पूर्ण बाह्यांचं पातळ झबलं घाला. वीज गेली की मात्र ते झबलं आधी उतरवा. मे महिन्यात वळवाच्या वाऱ्याने फांदी तारेवर पडली की दोन-दोन तास वीज नसते. आम्ही तेव्हा बाळाला नुसत्या लंगोटावर घेऊन गॅलरीत बसायचो, ओल्या पंचाने मान, काखा, जांघा टिपायचो. पंचा साध्या पाण्याचा, बर्फाचा नाही.

बरेच जण मच्छरांसाठी गुंडाळतात. त्यासाठी कापड नव्हे, मच्छरदाणी. छत्रीसारखी उघडणारी जाळी घ्या, तिच्यातून पंख्याचा वारा आत येतो. खोलीत कॉइल जाळू नका. आणि आंघोळीनंतरची ओवा-लसणीच्या सालांची धुरीही नको. धूर म्हणजे धूरच, इवल्या फुप्फुसांना तो सोसत नाही.

पहिली आंघोळ जन्मानंतर २४ तासांनीच. उन्हाळा असला तरी पाणी कोमट. न्हाऊ घालणाऱ्या बाईला आधीच सांगून ठेवा की न्हाण झाल्यावर बाळाला घट्ट बांधून घाम काढायचा नाही. सुती टॉवेलने टिपायचं, मानेच्या, काखेच्या, जांघेच्या घड्या उघडून कोरड्या करायच्या, पातळ झबलं घालायचं, झालं. खोबरेल हलक्या हाताने आंघोळीआधी, नंतर नाही. नंतर लावलेलं तेल घामात मिसळून घामोळं वाढवतं. पावडर तर बंदच. ती घामात भिजून घड्यांत साचते, आणि उडालेली श्वासात जाते. घामोळ्यावर औषध एकच, कमी कपडे आणि कोरडी त्वचा.

उन्हाळा आहे म्हणून बाळाला पाणी द्यायचं नाही. मध नाही, गुटी नाही, ग्लुकोजचं पाणी नाही. आईच्या दुधात शंभरातले ८७-८८ भाग पाणीच असतं, सहा महिने दुसरं काही लागत नाही. पाणी आईला द्या. बाळंतिणीला पाणी तोडणं मी अजूनही घराघरात बघते आणि जीव तुटतो. मी लेकीला सकाळी अकराला पेज, दर पाजण्याला तांब्याभर पाणी, असंच ठेवलं. पाचव्या दिवसानंतर बाळाचे दिवसाकाठी सहा तरी लंगोट ओले व्हायला हवेत. कमी झाले तर कपडे कमी करा, दूध वाढवा आणि डॉक्टरांना कळवा.

हॉस्पिटलातून घरी नेताना बाळाला शाल लपेटून, तोंडावर ओढणी टाकून नेतात. बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलातून सत्तरीपर्यंतच्या प्रवासात ते बाळ आत शिजतं. उन्हात उभी असलेली गाडी आधी पाच मिनिटं दारं उघडून गार करा. बाळाला एक झबलं, एक मलमल, तोंड उघडं. ऊन खिडकीतून येत असेल तर कापड काचेला लावा, बाळाच्या चेहऱ्यावर नाही. दीड महिन्याच्या लसीलाही सकाळी लवकर जा.

वर लिहिलं ते सगळं पूर्ण दिवसांच्या बाळासाठी. ३७ आठवड्यांआधी जन्मलेलं किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ मे महिन्यातही गारठू शकतं. त्याला टोपडं लागतं, आईच्या उघड्या छातीशी धरणं लागतं, आणि किती थर घालायचे ते त्याच्या डॉक्टरांनाच विचारायचं.

काखेतला आकडा ३७.५ च्या वर गेला आणि बाळ एरवी ताजंतवानं असेल, तर कपडे काढा, हवेशीर जागी आणा, पाजा आणि अर्ध्या तासाने पुन्हा बघा. ३८ किंवा वर दिसला तर वाट बघत बसू नका. ‘कपड्यांमुळेच असेल’ हे घरात ठरवायचं नाही, माझ्या मुलाच्या वेळी ते ठरवायला डॉक्टरांना दोन दिवस लागले. बाळ दूध ओढत नाही, उठवून उठत नाही, टाळू खोल गेली आहे, श्वास मिनिटाला साठाच्या वर चालला आहे, यातलं काहीही दिसलं तर ताप नसला तरी निघा. गाडी नसेल तर १०८. पॅरासिटामॉलचा थेंब स्वतःहून देऊ नका, ताप लपतो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागला तेव्हा नात दोन महिन्यांची होत आली होती. एका सकाळी पाळण्यात बघते तर ती कुशीवर वळू बघत होती. त्या दिवसापासून हात गुंडाळणं बंद. वळणाऱ्या बाळाचे हात बांधलेले नसावेत. पावसाची हवा गार झाली म्हणून पूर्ण बाह्यांचं झबलं आलं, पायात ढगळ लेंगा आला. मलमलचे सहाही तुकडे घरातच, पंख्याखाली दोरीवर वाळत असतात, ते आता लाळ पुसायला.